लाइव्ह स्किट शोमध्ये काम करायचंय? गोव्यातल्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न

प्रयोग संपला की मेकअप पुसता पुसता कुणीतरी येऊन विचारतंच, "आम्हाला पण करायचंय, कसं असतं?" तेवढ्या वेळात उत्तर देऊन होत नाही, कारण बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत असतो. म्हणून ही उत्तरं सवडीने लिहिली आहेत. ती हौशी मंडळात, म्हणजे देवळाच्या जत्रेत, चवथीच्या सार्वजनिक मंडपात आणि मधूनमधून बऱ्या सभागृहात काम करणाऱ्या माणसाची आहेत. मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीचे हिशेब वेगळे.

हे नेमकं काय असतं? नाटक, एकांकिका की स्टँडअप?

तिन्ही नाही. पाच-सात मिनिटांचे स्वतंत्र प्रवेश, एकामागून एक, साधारण दीड-पावणेदोन तास. एका प्रवेशातला पोलीस पुढच्या प्रवेशात नवरीचा मामा असतो आणि त्याच्या पुढच्यात पर्यटकाला भाड्याने गाडी देणारा. नाटकात पहिला अंक पडला तरी दुसऱ्यात सावरता येतं, कारण पुढे काय होणार याची उत्सुकता असते. इथे दर सहा मिनिटांनी प्रेक्षक नव्याने चौकशी करतो: हा कोण, ही कोण, भांडण कशावरून? पहिल्या अर्ध्या मिनिटात हे त्याला कळलं नाही, तर पुढचं लिखाण कितीही चांगलं असो, फुकट गेलं.

स्टँडअपवाला आपला एकटा असतो, बरंवाईट त्याचं त्याच्याकडे. स्किटमध्ये तुमचा निम्मा विनोद समोरच्याच्या तोंडात असतो. त्याने त्याचं साधं वाक्य नीट टाकलं नाही, तर तुमच्या भारी वाक्यावर कुणी हसत नाही. म्हणून आमच्यात साधी वाक्यं नीट बोलणाऱ्याला मान जास्त. प्रेक्षकांना हे कळत नाही, टाळ्या दुसऱ्यालाच मिळतात, त्याला इलाज नाही.

टीव्हीवर बघतो तेच ना?

दिसायला तेच. 'हास्यजत्रा' किंवा 'चला हवा येऊ द्या'मध्ये समोर प्रेक्षक असले तरी ते चित्रीकरण असतं. संकलन होऊन नंतर घरोघरी पोचतं. चुकलेलं कापता येतं, क्लोजअप लावता येतो. मांडावर, म्हणजे देवळासमोरच्या आमच्या उघड्या रंगमंचावर, क्लोजअप नसतो. भुवई उडवून टीव्हीवर हशा मिळेल, पण विसाव्या रांगेतल्या माणसाला तुमची भुवई दिसतच नाही, त्याला खांदा उडालेला दिसतो.

खऱ्या अर्थाने थेट प्रक्षेपण होणारा नमुना बघायचा तर अमेरिकेतला 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'. 11 ऑक्टोबर 1975 ला न्यूयॉर्कमध्ये तो सुरू झाला आणि अजून चालू आहे. त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. सोमवारी कल्पना मांडायच्या, मंगळवारी रात्रभर लिहायचं, बुधवारी सगळ्यांनी टेबलाभोवती बसून वाचायचं, त्यातून निवडलेल्यांचं नेपथ्य आणि तालमी गुरुवार-शुक्रवारी. शनिवारी रात्री आठला खऱ्या प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते, आणि तीत मुद्दाम जास्त प्रवेश ठेवलेले असतात. ज्यांना हशा आला नाही ते गळतात, उरलेले साडेअकराला थेट प्रक्षेपित होतात. म्हणजे मधल्या दीड-दोन तासांत एखाद्या नटाचं आठवडाभराचं काम जातं आणि त्याने तोंड वाकडं न करता पुढच्या प्रवेशाचे कपडे चढवायचे असतात. वाक्यं शेवटच्या क्षणापर्यंत बदलतात, म्हणून ती हाताने मोठ्या कार्डांवर लिहून कॅमेऱ्याशेजारी धरतात. नटांची नजर अधूनमधून एका बाजूला का जाते, त्याचं कारण ते.

आमच्याकडे कार्डं नाहीत आणि वेगळा आठचा प्रेक्षकही नाही. पण प्रवेश जास्तीचे बसवायचे आणि निर्दयपणे गाळायचे, हे आम्ही त्यांच्याकडूनच उचललं.

गोव्यात याला प्रेक्षक आहे का?

हा प्रश्न बहुधा पुण्याहून बदली होऊन आलेली माणसं विचारतात. ज्या गावात दशावतारी काला, म्हणजे दशावताराचं लोकनाट्य, होतो त्या गावात संकासुर माहीत असतो. तो वेद पळवायला आलेला असुर, पण सूत्रधाराची फिरकी घेत गावातल्या बोलीत असा काही सुटतो की लहान मुलं त्याच्यासाठीच जागी राहतात. तियात्राला, म्हणजे कोंकणी संगीत नाटकाला, तर 17 एप्रिल 1892 पासूनचा इतिहास आहे, मुंबईत पहिला प्रयोग झाला तेव्हापासूनचा. त्यात अंकांच्या मध्ये पडद्यापुढे कांतारां, म्हणजे गाणी, होतात, विनोदी तुकडे होतात, आणि राज्यकर्त्यांची हजेरी घेतली जाते. छोट्या तुकड्यात हसवणं आणि टोचणं गोव्याच्या प्रेक्षकाला शिकवायला जाऊ नका. तो तुम्हाला शिकवेल.

मराठी हौशी नाटकाचं म्हणाल तर फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी या भागांत उत्सवी नाटक नसलेलं देऊळ शोधावं लागेल. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरलेले कलाकार गावोगाव आहेत. आमची निम्मी मंडळी तिथूनच आली, आणि येताना अवजड उच्चार घेऊन आली. ते उतरवायला वेळ लागतो.

मराठीतच करायचं की कोंकणी चालते?

आपला मांड ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत. आमचे संवाद मराठीत, पण नुस्तेकान्न, म्हणजे मासे विकणारी, आणि कदंबा बसचा कंडक्टर कोंकणीच बोलतात, दिल्लीचा पर्यटक हिंदी बोलतो, आणि शाळेतली बाई मराठी बोलता बोलता चिडली की कोंकणीवर येते. हे सगळं प्रेक्षकांच्या घरातलं आहे, त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. मात्र कोंकणी फक्त गावंढळ पात्राला आणि मराठी फक्त शहाण्या पात्राला, असली वाटणी करू नका. लोकांना ते लगेच झोंबतं आणि झोंबायलाच हवं. पेडण्याची बोली, सासष्टीची बोली, भटांची बोली यांतला फरक ज्याला येतो त्यानेच ती करावी. येत नसेल तर आपल्या गावची करा.

पाठांतर किती? जमेल तसं बोललं तर चालेल?

पाठांतर पूर्ण. नवीन आलेल्यांचा इथेच गैरसमज असतो की विनोदी काम म्हणजे मोकळं रान. एक जण ॲडिशन, म्हणजे पदरचं वाक्य, घेतो, हशा मिळतो, मग दुसरा घेतो, आणि सहा मिनिटांचा प्रवेश अकरा मिनिटांचा होऊन मूळ शेवट सगळे विसरतात. आमचा नियम असा: मधल्या वाक्यांत एखादा शब्द बदललात तर बदललात, पण ज्या वाक्यावर दुसऱ्याची एन्ट्री आहे आणि ज्या वाक्यावर दिवे जाणार आहेत, ती दोन वाक्यं देवाची.

शेवटच्या वाक्यावर काळोख झाला की प्रवेश संपतो. ते बटण दाबणारा मुलगा हा आमच्यातला सगळ्यात महत्त्वाचा विनोदी नट आहे आणि तो रंगमंचावर कधीच येत नाही. तो एक सेकंद उशिरा आला तर नट तोंड उघडं टाकून उभे दिसतात, एक सेकंद आधी आला तर शेवटचा शब्द काळोखात जातो. त्याला आम्ही पहिल्या वाचनापासून बसवतो. कार्यक्रमाच्या दिवशी आयोजकांचा लाइटवाला "हांव करतां, सोड" म्हणतो, तेव्हा गोड बोलून नाही म्हणायचं.

वाक्य विसरलो तर?

विसराल. विंगेत प्रॉम्प्टर असतो, पण कॉलर माईक लावलेला असेल तर त्याची कुजबुजही सभागृहभर ऐकू जाते. त्यापेक्षा जुनी युक्ती बरी: प्रवेशात वर्तमानपत्र, मेनूकार्ड, पंचांग, ऑफिसची फाइल असं काहीतरी असू द्या आणि आत वाक्यं चिकटवा. तेही नसेल तर समोरच्याने प्रश्न विचारायचा, "म्हणजे तुमचं म्हणणं काय, की जमीन विकायची नाही?" यात विसरलेल्याला त्याचं वाक्य परत मिळतं. असा प्रश्न वेळेवर सुचणारा सहकलाकार मिळाला तर त्याला जपा.

कपडे बदलायला वेळ कुठून मिळतो?

मिळत नाही. दोन प्रवेशांच्या मध्ये काळोख आणि पेटी-तबल्याचा तुकडा, मिळून अर्धं मिनिट. यापेक्षा लांबलं की लोक चणे आणायला उठतात.

समजा तुम्ही पोलीस होता आणि आता भटजी व्हायचंय. खाकी शर्टाची बटणं खोटी असतात, आत वेलक्रो. एका हिसक्यात शर्ट निघतो, आत उपरणं छातीला आधीच पिनने लावलेलं. धोतर शिवलेलं, इलॅस्टिकचं, ते खाकी पँटच्या आत गुंडाळून ठेवलेलं, पँट खाली गेली की ते मोकळं होतं. हे करताना एक जण तुमच्या पायाशी बसलेला असतो, तोंडात बॅटरी धरून, बॅटरीच्या काचेवर लाल कागद. तोच बूट ओढतो. दुसरा कपाळाला गंध लावतो आणि तुम्ही तेवढ्यात पुढचं पहिलं वाक्य पुटपुटता. वेलक्रोचा फर्र आवाज माईकमध्ये जातो म्हणून आधी माईक बंद. तो परत चालू करायची आठवण पायाशी बसलेल्याने करायची. जमिनीवर रेडियमच्या टेपच्या खुणा असतात, त्यावरून काळोखात खुर्चीपर्यंत जायचं आणि दिवे येण्याआधी दोन तास बसून कंटाळल्यासारखं बसायचं. धाप लागलेली दिसता कामा नये.

याची तालीम वेगळी करतो. वाक्यांच्या तालमीइतकाच वेळ त्याला जातो, आणि त्या तालमीला दांडी मारणारा माणूस प्रयोगाच्या दिवशी अर्धा पोलीस, अर्धा भटजी होऊन येतो.

पहिल्या एन्ट्रीची भीती जाते का?

नाही. तिसरी घंटा झाली की पोटात गोळा येतो, अनुभवी माणसालाही. उलट ज्याला काहीच होत नाही तो बहुधा त्या दिवशी ढिसाळ काम करतो.

लोक हसलेच नाहीत तर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं उत्तर थोडं सावकाश द्यायला हवं.

आधी हे बघा की लोक हसत नाहीत की तुम्हाला हसू ऐकू येत नाही. फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, साखळी, कुडचडे इथली रवींद्र भवनं, पणजीत कला अकादमीचं दीनानाथ मंगेशकर कलामंदिर, अशा बंदिस्त जागेत हसू भिंतीवरून परत येतं आणि एकाचं ऐकून दुसरा हसतो. देवळासमोरच्या उघड्या मांडावर तेच हसू वर निघून जातं. त्यात पुढच्या चार रांगा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या आणि पाहुणे आलेले नाहीत, म्हणजे नट आणि हसणारी माणसं यांच्यामध्ये रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्च्यांचं मैदान. आम्ही आयोजकांना पहिली विनंती हीच करतो: पुढच्या खुर्च्या भरा, मुलांना पुढे चटईवर बसवा. याने जितका फरक पडतो तितका नव्या विनोदाने पडत नाही.

एवढं करूनही शांतता असेल तर घाई करायची नाही. नवा नट हशा आला नाही की वेग वाढवतो आणि आवाज चढवतो. वेग वाढला की लोकांना ऐकू येणंच बंद होतं, आणि आवाज चढवलेला माणूस हसण्यासाठी गयावया करताना दिसतो. खालच्या पट्टीत, जे चाललंय ते खरंच चाललंय असं समजून काम करत राहा. पात्राला आपण विनोदी आहोत हे माहीत नसतं. ज्या माणसाचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, जातंय तो रडकुंडीलाच आलेला असतो, हसायचं की नाही ते बघणाऱ्यांनी ठरवायचं.

उलट हशा आला की थांबायचं, तेही मोजून. हसू चढतं, भरतं आणि उतरायला लागतं. ते उतरत असताना पुढचं वाक्य टाकायचं. चढत असताना टाकलंत तर ते वाक्य बुडालं, आणि पुढच्या विनोदाची तयारी त्याच वाक्यात असेल तर तोही बुडाला. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलात तर गाडी परत पहिल्या गियरपासून. हे घरी आरशासमोर शिकता येत नाही. थांबलेलं असताना तुम्ही पात्र म्हणून काहीतरी करत असलं पाहिजे, घाम पुसा, हिशेब मोजा. नुसतं थांबलेला नट ओळखू येतो.

आणि कधीकधी प्रवेशच वाईट असतो. तो पुढच्या गावी करू नका. लेखक दोन दिवस बोलणार नाही, मग बोलेल.

मध्येच प्रेक्षक बोलायला लागले तर?

गावात बोलणारच. पुढे बसलेली एखादी आजी नवऱ्याचं काम करणाऱ्याला ओरडून सांगते, "अरे, तुजी बायल दाराफाटल्यान आसा!" म्हणजे तुझी बायको दारामागे आहे. हा अपमान नव्हे, तुमचं काम तिने खरं मानलंय. तिच्याकडे एकदा बघा, दाराकडे बघा आणि पुढे जा. तिला उलट उत्तर देऊन वर हशा घ्यायचा मोह होतो. घेऊ नका, सगळं गाव तिच्या बाजूचं असतं. दारू पिऊन मागून ओरडणारा असेल तर त्याच्याकडे लक्षच द्यायचं नाही, गावातली माणसं त्याला उचलतात. कुत्रा आला तर मात्र प्रवेश थांबवून कुत्र्याला काम द्या. कुत्रा मांडावर असताना कुणी नटाकडे बघत नाही.

सहकलाकाराला हसू फुटलं तर?

एकदा फुटलं तर लोकांना आवडतं, त्यांना वाटतं आपल्याला आतली गंमत दिसली. मुद्दाम फोडलं तर तेही लोकांना कळतं. हसू आलं तर पाठ करा, पदर तोंडाला लावा, खाली पडलेलं काहीतरी उचला. समोरच्याच्या डोळ्यांत बघू नका, कपाळाकडे बघा.

कोणावर विनोद चालतो? मंत्र्यांवर?

चालतो, आणि गोव्यात तो अंगाशी येण्याइतका जवळचाही असतो. विधानसभेच्या जागा 40, म्हणजे ज्याची नक्कल करताय त्याचा मेहुणा तिसऱ्या रांगेत असण्याची शक्यता दाट. आमचा अनुभव असा की नाव घेऊन केलेल्या नकलेपेक्षा कारभारावरचा प्रवेश जास्त लागतो. तोच रस्ता पाइपसाठी, मग केबलसाठी, मग पाइप गळतोय म्हणून खणणं; मांडवीतले कॅसिनो; जून-जुलैच्या मासेमारीबंदीत मासळीसाठी चाललेलं राजकारण; दिल्लीवाल्याला विकलेलं घर आणि त्याने शेजाऱ्याच्या कोंबड्याबद्दल केलेली तक्रार. यात प्रत्येकाला आपला माणूस दिसतो आणि कुणाला बोट दाखवता येत नाही.

जात, अपंगत्व, कुणाचा रंग, कुणाचं जाड असणं यांवर आम्ही करत नाही. हशा मिळतो, नाकारत नाही. पण ज्याच्यावर हसले तोही तिथेच बसलेला असतो आणि उद्या त्याला त्याच बसने जायचंय.

मुलींना बऱ्या भूमिका मिळतात का?

मंडळावर अवलंबून. काल्यात बायकांची कामं पुरुष करत आले, ती परंपरा वेगळी आणि त्यातले कसलेले नट बघत राहावेत असे. स्किटमध्ये मात्र मिशीवाल्याला साडी नेसवायची, एवढ्यावरच विनोद संपतो. नेसवलीत तर पुढे काय, हे लेखकाला विचारा. आणि मुलीला फक्त 'अहो, ऐकलंत का' म्हणायला उभी करत असतील, तर सरळ सांगा की मला तलाठी करायचाय. आमच्याकडे तलाठी बाईच करते आणि तिच्या सहीसाठी तिघे पुरुष जमिनीवर लोळतात.

प्रयोग रात्री किती वाजता सुरू होतो?

पत्रिकेवर साडेआठ. प्रत्यक्षात आरती, पालखी, पावणी (देवापुढच्या वस्तूंचा लिलाव) आणि सत्कार झाल्यावर. पावणीत एखाद्या नारळावर चढाओढ लागली की आमचा नऊचा प्रवेश गेला. दुसरीकडे 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकार सणासुदीला वर्षात 15 दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. त्या दिवसांत आपला दिवस आहे का, हे तारीख घेतानाच विचारा. नसेल तर दीड तासाचा कार्यक्रम तासात बसवायची यादी खिशात ठेवा: कोणते प्रवेश गाळायचे ते आधी ठरलेलं असलं की विंगेत भांडणं होत नाहीत. सुरुवातीचा आणि शेवटचा प्रवेश गाळायचा नाही, कापाकापी मधल्यांत.

पैसे मिळतात?

टेम्पो, रंगभूषाकार, कपडेपट आणि जेवण सुटतं. उरलं तर चहा.

नोकरी सांभाळून जमेल का?

आमच्यात बँकेतले, शिक्षक, औषध कंपनीतले पाळीवाले, सगळे आहेत. पाळीवाल्यांसाठी तालीम रात्री दहाला ठेवावी लागते. चवथीपासून शिमग्यापर्यंत घरच्यांना तुम्ही फारसे दिसणार नाही, हे आधीच सांगून टाका. पावसाळ्यात उघड्यावर काही होत नाही, तेव्हा लिहायचं आणि नवीन माणसं तयार करायची. यायचं असेल तर जून बरा.

पहिल्या तालमीला काय घेऊन येऊ?

पेन्सिल, कारण वाक्यं बदलतात. पाणी. अंगात ढिला शर्ट. आपल्या गावातला एखादा माणूस कसा चालतो, कसा बोलतो ते नीट बघून या, तेच आधी करायला सांगतात. आणि पायात जाड तळव्याची चप्पल घाला, तात्पुरत्या स्टेजच्या विंगेत खिळे वर आलेले असतात.